'नाइस' म्हणजे मूर्ख? एका गुळगुळीत शब्दाची वंशावळ

रानजाई
इंग्रजीत दिवसभर कानावर पडणारी विशेषणं मोजायला बसलं तर 'नाइस' पहिल्या पाचात नक्की येईल. नाइस फोटो, नाइस माणूस, नाइस कल्पना. मराठीत बोलतानाही आपण तो सर्रास वापरतो. परवा शब्दकोशात भलतंच काही शोधत होते, तेव्हा नजर या शब्दावर गेली आणि तिथेच अडकले. इंग्रजीतला त्याचा सर्वांत जुना अर्थ म्हणजे अडाणी, मूर्ख!

लॅटिनमध्ये 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणे. जो जाणत नाही तो 'नेस्कियस'. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'नीस' झालं, आणि १३०० च्या सुमारास शब्द इंग्रजीत शिरला तो 'मूर्ख' हाच अर्थ बरोबर घेऊन. आज मात्र कुणाला नाइस म्हटलं तर तो खूश होतो.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, अर्थ इतका उलटा फिरला तो कोणत्या वाटेने? दोन, आता हा शब्द सगळ्यालाच लागतो म्हणजे त्याच्यात अर्थ म्हणून काही उरलाय का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

तळ्यात_मळ्यात
आता फोटोखाली कुणी 'नाइस' लिहिलं की शतक कोणतं धरायचं ते आधी विचारून घ्यावं लागणार.

शब्दवेल्हाळ
सुंदर विषय. अर्थ एका दमात उलटा झाला असं समजलं तर कोडं सुटत नाही. तो पायरीपायरीने सरकला, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला चिकटून आहे.

आधी अडाणी, मूर्ख. इंग्रजी कवी चौसर १४०० मध्ये गेला, त्याच्या लेखनात हा अर्थ स्पष्ट सापडतो. मूर्ख माणूस काय करतो? उधळपट्टी करतो, छचोरपणा करतो, भपकेबाज कपडे घालून हिंडतो. म्हणून पुढे शब्द छचोर, नखरेल अशा लोकांना लागला. त्याच सुमारास एक फांदी भलतीकडे गेली, तिचा अर्थ लाजरा, बुजरा. नखरेल माणसाला साधंसुधं काही चालत नाही, त्याला सतत खोड काढायची असते. इथे अर्थ 'चोखंदळ' असा झाला. चोखंदळाची नजर बारीक, म्हणून सोळाव्या शतकात 'काटेकोर, सूक्ष्म' हा अर्थ रूढ झाला. काटेकोर काम म्हणजे नेटकं काम, नेटकं म्हणजे चांगलं. अठराव्या शतकात 'आवडण्याजोगा' हा अर्थ पक्का झाला आणि एकोणिसाव्यात माणसाच्या स्वभावाबद्दल 'प्रेमळ, समजूतदार' असा.

माझ्या मते सगळा खेळ 'चोखंदळ' या पायरीवर आहे. अर्थ तिथे वळला. मराठीतच बघा. "भारी चोखंदळ आहे हो तो" ही तक्रार, आणि "चोखंदळ वाचकांसाठी" ही स्तुती. एकाच शब्दात दोन्ही रंग. बोलणाऱ्यांनी हळूहळू एकाच रंगावर भर दिला की दोन पिढ्यांत शब्दाची इभ्रत बदलते.

गारगोटी
चोखंदळचं उदाहरण फारच आवडलं. वाचतोय, येऊ द्या.

कलम_दुरुस्ती
मी वकिली करतो. आमच्याकडे 'सूक्ष्म' हा अर्थ अजून जिवंत आहे. निकालपत्रांत 'अ नाइस पॉइंट ऑफ लॉ' असं येतं तेव्हा न्यायाधीश मुद्द्याचं कौतुक करत नसतात. मुद्दा बारीक आहे, दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो, जपून सोडवायला हवा, असं त्यांना म्हणायचं असतं. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजेही बारीक फरक. 'नायसिटी' आणि 'टू अ नायसिटी' ही त्याच अर्थाची अपत्यं, तंतोतंत या अर्थाची. नवे वकील 'नाइस पॉइंट' ऐकून हरखतात, मग अनुभवाने सावध होतात.

पाणवठा
शब्दवेल्हाळ, बाकी पायऱ्या पटल्या, पण काटेकोर ते छान ही उडी मला अजून पटत नाही. 'काटेकोर' या शब्दात आवड कुठे आहे? हिशेब तपासणारा माणूस काटेकोर असतो, पण म्हणून तो आवडतो असं थोडंच आहे.

शब्दवेल्हाळ
पाणवठा, रास्त शंका. इंग्रजीतलीच दोन भावंडं बघा. 'फाइन' लॅटिन 'फीनिस'वरून येतो, म्हणजे शेवट. शेवटापर्यंत नेलेलं, परिष्कृत, म्हणून बारीक, म्हणून उत्तम. आजही बारीक धागा फाइन आणि तब्येतही फाइन. 'नीट' हा इंग्रजी शब्द लॅटिन 'नितिदुस'वरून येतो. मूळ अर्थ चकाकणारा, मग स्वच्छ, मग टापटीप, मग नुसताच 'झकास'. म्हणजे आधी वस्तूचा एक नेमका गुण सांगायचा, आणि लोक तो गुण कौतुकाने सांगायला लागले की कौतुक उरतं, गुण विसरला जातो. 'नाइस'चं तेच झालं.

पाणवठा
फाइनच्या जोडीने बघितल्यावर लक्षात आलं. धन्यवाद.

मंदाक्रांता
मी संस्कृत शिकवते, त्यामुळे धागा वाचताना राहवलं नाही. 'नाइस'चा जुळा भाऊ आपल्याकडे आहे: मुग्ध.

'मुह्' हा धातू. गोंधळणे, भान जाणे. त्याची मुग्ध आणि मूढ अशी दोन्ही रूपं होतात आणि दोन्ही पाणिनीला मान्य आहेत. म्हणजे जन्माने दोघांचा अर्थ एकच: गोंधळलेला, अजाण. पुढे मूढ तिथेच राहिला. मुग्ध मात्र अजाण, मग निरागस, मग निरागसपणामुळे मोहक, असा चढत गेला. साहित्यशास्त्रातली मुग्धा नायिका आठवा. अननुभवी, आणि म्हणूनच गोड. मराठीत तर मुग्ध होणं म्हणजे सौंदर्याने भारून जाणं. 'मुग्ध चेहरा' म्हणताना मूर्खपणा मनातही येत नाही.

भाषाशास्त्रात या चढण्याला अर्थोत्कर्ष म्हणतात आणि घसरण्याला अर्थापकर्ष. दोघे सख्खे भाऊ, एक मान मिळवून बसला, एक शिवी झाला. मला हे 'नाइस'पेक्षाही विलक्षण वाटतं, कारण इथे दोन्ही दिशांचे पुरावे एकाच घरात सापडतात.

रानजाई
मंदाक्रांता, काटा आला अंगावर. मुग्ध आणि मूढ एकाच धातूचे! हे शाळेत कुणीतरी सांगायला हवं होतं.

तळ्यात_मळ्यात
म्हणजे 'मंत्रमुग्ध श्रोते' आणि 'मूढ श्रोते' यांच्यात फक्त वक्त्याचा फरक.

गारगोटी
तळ्यात_मळ्यात, हाहा, दंडवत घ्या.

उंबरठा
उलट्या दिशेचं उदाहरण हवं असेल तर इंग्रजी 'सिली'. जुन्या इंग्रजीत 'सेलिग' म्हणजे सुखी, भाग्यवान, ईश्वराची कृपा असलेला. मग पुण्यवान, निष्पाप, बिचारा, दुबळा, आणि सरतेशेवटी खुळा. जर्मनमध्ये 'झेलिष' आजही धन्य, पुण्यात्मा या अर्थाने वापरतात. नाइस आणि सिली जिन्यात समोरासमोर भेटले असावेत, एक वर जाताना आणि एक खाली येताना.

मंदाक्रांता
उंबरठा, सिलीलाही आपल्याकडे जोड आहे! सम्राट अशोकाच्या शिलालेखांत तो स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवतो, देवांचा लाडका. केवढी मोठी पदवी. पुढे संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत याच शब्दाचा अर्थ मूर्ख असा झाला. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धांतकौमुदीत तर 'देवानांप्रिय इति च मूर्खे' असं थेट सांगितलंय. ज्याच्यावर देवाची कृपा तो पुढे खुळा ठरला, 'सिली'च्याच वाटेने.

आणि चढलेला अजून एक हवा असेल तर 'साहस'. स्मृतिग्रंथांत साहस म्हणजे बळजबरीने केलेला गुन्हा, ज्याला दंड सांगितलाय. आज आपण साहसासाठी पुरस्कार देतो.

कडूलिंब
सगळं ठीक आहे, पण मला वेगळं म्हणायचंय. मूळ अर्थ मूर्ख असेल तर तोच खरा अर्थ. लोक चुकीचं वापरत गेले आणि चूक रूढ झाली. निदान आपण जाणकारांनी तरी हा शब्द कौतुकासाठी वापरणं सोडलं पाहिजे.

उंबरठा
कडूलिंब, पूर्ण असहमत. मूळ अर्थ म्हणजेच खरा अर्थ, हा मोह 'एटिमॉलॉजी' या शब्दातच लपलाय. ग्रीक 'एतुमोस' म्हणजे खरा. पण तुमच्या नियमाने 'डिअर' म्हणजे हरीण म्हणता येणार नाही, कारण जुन्या इंग्रजीत तो कोणताही प्राणी होता. जर्मन 'टिअर' अजून तसाच आहे. 'मृग'सुद्धा हरणासाठी सोडून द्यावा लागेल, कारण तोही आधी कोणताही वन्य पशू. सिंहाला मृगेंद्र म्हणतात तो हरणांचा राजा म्हणून नव्हे, पशूंचा राजा म्हणून. 'गर्ल' मुलग्यालाही म्हणावं लागेल, कारण मध्ययुगीन इंग्रजीत तो शब्द मुलगा असो वा मुलगी, कोणत्याही लहान मुलाला चालायचा.

आणि मूळ म्हणजे किती मागे? लॅटिनपर्यंत का थांबायचं? 'स्कीरे'च्याही मागे जा. तिथे कापणे, वेगळं करणे हा अर्थ आहे आणि संस्कृत 'छिद्' त्याच कुळातला मानतात. मग काय, नाइस म्हणजे 'न कापणारा'?

मंदाक्रांता
उंबरठा, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण त्यात केवढं आहे बघा. जाणणं म्हणजे वेगळं करणं! आपला 'विवेक' नेमका तसाच घडलाय. वि आणि विच्, वेगळं काढणे. दूध आणि पाणी निराळं करणाऱ्या हंसाला विवेकाचं प्रतीक मानलं ते उगाच नाही. लॅटिन बोलणाऱ्यांनी आणि आपल्या पूर्वजांनी ज्ञानासाठी वेगवेगळ्या धातूंमधून एकच चित्र उभं केलं. 'सायन्स' आणि 'कॉन्शन्स' हेही त्याच 'स्कीरे'चे. तर नाइस हा सायन्सचा भाऊबंद झाला, फक्त नकार लागलेला. 'ने' तर आपला 'न'च.

पाटीपुस्तक
कडूलिंबांच्या मुद्द्याला दुसरा अर्धा भाग आहे, तो मी मांडते. मी इंग्रजी शिकवते आणि निबंधात 'नाइस' दिसला की लाल खूण करते. मूळ अर्थ मूर्ख म्हणून नाही. मुलं विचार करायचा थांबतात म्हणून. 'इट वॉज अ नाइस डे.' म्हणजे कसा? ऊन होतं की पाऊस? कुणी भेटलं? काही जिंकलं? नाइस लिहिलं की मुलाला वाटतं सांगून झालं. खोडायला लावलं की बिचारी पेन चावतात आणि मग एखादं खरं वाक्य लिहितात. रानजाईंच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: अर्थ फारसा उरलेला नाही.

शब्दवेल्हाळ
पाटीपुस्तक, तुमची तक्रार दोनशे वर्षं जुनी आहे, आणि नामवंतांनी केलेली आहे. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थेंगर अ‍ॅबी'त, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस आलेल्या कादंबरीत, हेन्री टिल्नी हा तरुण नायिकेला याच शब्दावरून चिडवतो. पुस्तक नाइस, दिवस नाइस, फेरफटका नाइस, हा शब्द तर कशालाही चालतो, असं म्हणतो. पूर्वी तो नेटकेपणा, नाजूकपणा, सुसंस्कृतपणा यांसाठी होता, आणि आता सगळी स्तुती या एका शब्दात कोंबली जाते, ही त्याची खंत.

आता यातली गंमत पाहा. टिल्नी ज्याला 'पूर्वीचा' म्हणतो तो नेटकेपणाचा अर्थ स्वतःच शे-दोनशे वर्षांपूर्वीचा नवा पाहुणा. त्याच्याही आधी मूर्ख होताच. कडूलिंब, शुद्धतेचा आग्रह धरणारा प्रत्येक जण आपल्या आजोबांच्या काळाला मूळ समजतो.

कडूलिंब
टिल्नीचा मुद्दा मान्य. पण बदल होतो म्हणून प्रत्येक बदल चांगला, हेही मान्य नाही. टिल्नीच्या वेळी एक उपयोगी अर्थ मागे पडला. 'सूक्ष्म फरक ओळखणारा' यासाठी इंग्रजीत एक छोटा, सुटसुटीत शब्द होता, तो वकिलांपुरता उरला. हे नुकसानच आहे, आणि ते नुकसान म्हणायला मी कचरणार नाही.

कलम_दुरुस्ती
कडूलिंब, या बाबतीत तुमच्याशी सहमत. आम्ही सांभाळतोय तो अर्थ.

झाडाखालचा
अवांतर. स्पॅनिश शिकतोय. तिथे 'नेसियो' म्हणजे आजही मूर्ख, हट्टी. त्याच 'नेस्कियस'चा वंशज. म्हणजे एकाच आजोबांची नातवंडं, एका भाषेत शिवी आणि एका भाषेत शाबासकी.

रानजाई
झाडाखालचा, हे अवांतर नाही हो, हा तर भक्कम पुरावा आहे. सिलीचं जुनं रूप जर्मनने सांभाळलं आणि नाइसचं स्पॅनिशने.

कर्सर
आमच्या क्षेत्रात नाइसचा अगदी नेमका अर्थ आहे, आणि तो आकड्यात मोजता येतो! युनिक्स आणि लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालींमध्ये 'नाइस' नावाची आज्ञा आहे. एखादं काम किती प्राधान्याने चालवायचं ते तिने ठरवतात. लिनक्समध्ये नाइसपणा -२० पासून १९ पर्यंत, आणि मुळात ०. आकडा जितका मोठा तितकं ते काम 'नाइस', म्हणजे दुसऱ्यांना आधी प्रोसेसर वापरू देणारं. -२० वालं काम हावरट, सगळ्यांच्या पुढे घुसणारं. नेहमीच्या रचनेत साधा वापरकर्ता आपलं काम फक्त जास्त नाइस करू शकतो. कमी नाइस व्हायला मुख्य व्यवस्थापकाचे अधिकार लागतात.

पाटीपुस्तक, अर्थ उरलेला नाही म्हणता, पण हे नाव ठेवणाऱ्यांना तो बरोबर सापडला. दुसऱ्यासाठी जागा सोडणारा तो नाइस.

पाटीपुस्तक
कर्सर, हे वर्गात सांगणार. 'नाइस माणूस' म्हणजे काय याची मी ऐकलेली सर्वांत नेटकी व्याख्या आहे ही.

निवडुंग
फ्रान्समधलं नीस शहर याच शब्दाचं का? स्पेलिंग तर एकच.

उंबरठा
नाही. ते ग्रीक 'निकाया', विजयदेवता 'नीके'वरून. मार्सेच्या ग्रीक वसाहतकारांनी इ.स.पू. ३५० च्या सुमारास वसवलेलं. मूर्खपणाशी संबंध नाही. पण उच्चारात मात्र दोघे एकेकाळी जवळ होते. चौसरच्या काळी 'नाइस'चा उच्चार 'नीस' असाच दीर्घ होता. पंधराव्या ते अठराव्या शतकांदरम्यान इंग्रजीचे दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणात बदलले आणि 'ई'चा 'आइ' झाला. 'माइस' म्हणजे उंदीर, तेही आधी 'मीस' होते. स्पेलिंग तिथेच राहिलं, तोंड पुढे गेलं. इंग्रजी स्पेलिंगचे अर्धे हाल याच काळातले आहेत.

निवडुंग
आणखी एक. रोमिओ-ज्युलिएटच्या शेवटाकडे पत्र पोचत नाही तेव्हा ते पाठवणारा धर्मगुरू फ्रायर लॉरेन्स म्हणतो की ते पत्र 'नाइस' नव्हतं. वर दिलेल्या पायऱ्यांपैकी कोणती? काटेकोर नव्हतं असं म्हटलं तर काही अर्थच लागत नाही.

शब्दवेल्हाळ
तिथे अर्थ क्षुल्लक. पत्र क्षुल्लक नव्हतं, मोठ्या जोखमीचा मजकूर होता त्यात, असं तो सांगतोय. ही अजून एक फांदी. सूक्ष्म, म्हणजे लहानसं, म्हणजे किरकोळ. सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्रजी वाचताना 'नाइस' दिसला की जरा थांबावं. मूर्ख, छचोर, बुजरा, चोखंदळ, सूक्ष्म, क्षुल्लक यांतले कितीतरी अर्थ एकाच वेळी चलनात होते, आणि कधीकधी एकाच वाक्यात दोन बसतात. एका लेखकासाठी एक अर्थ ठरवून टाकला की फसगत ठरलेली.

गारगोटी
या गर्दीत 'ऑफुली नाइस' कुठे बसतो? 'ऑफुल' म्हणजे मुळात धाक वाटायला लावणारा ना?

उंबरठा
हो. ऑफुल, टेरिबल, टेरिफिक सगळे भीतीच्या घरचे. टेरिफिक तर लॅटिनमध्ये सरळ 'घाबरवणारा', आणि आज त्याचा अर्थ अफलातून. आपणही 'भयंकर आवडलं' म्हणतोच की. 'व्हेरी'सुद्धा मुळात 'खरा' होता, लॅटिन 'वेरुस'वरून. जोर द्यायला वापरलेला शब्द आधी आपला अर्थ सोडतो, मग फक्त जोर उरतो.

रानजाई
पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला पूर्ण मिळालं, आणि मुग्ध-मूढची भेट वरकड. दुसऱ्यावर मात्र मी पाटीपुस्तक यांच्याशी अर्धीच सहमत आहे. निबंधात लाल खूण जरूर करावी. पण बोलताना पोकळ शब्दांनाही काम असतं. समोरच्याने काही दाखवलं, आपल्याला चिकित्सा करायची नाही, फक्त 'पाहिलं, बरं वाटलं' इतकंच पोचवायचंय. तिथे नेमका शब्द वापरला तर उलट मूल्यमापन केल्यासारखं वाटतं. 'छान' आपण असाच वापरतो.

पण एक जागा अजून उलगडत नाही. 'नाइस अँड वॉर्म', 'नाइस अँड स्लो'. यात नाइस काय करतोय? दोन गुण सांगायचे असते तर 'वॉर्म अँड नाइस' म्हटलेलं चाललं असतं, पण तसं कुणी म्हणत नाही.

शब्दवेल्हाळ
बरोबर पकडलंत. तिथे तो दुसरा गुण नाहीच. 'नाइस अँड' हे सगळं मिळून पुढच्या विशेषणाला लागतं: हवं तितकं, सुखावेल असं. म्हणून क्रम बदलता येत नाही. आणि बोलणाऱ्याला तो गुण हवासा असावा लागतो. 'नाइस अँड वॉर्म' चालतं, 'नाइस अँड पेनफुल' कुणी म्हटलं तर ते मुद्दाम खोचक होतं.

मंदाक्रांता
मराठीत हे काम 'पैकी' करतो. 'छानपैकी ऊबदार', 'मस्तपैकी सावकाश'. 'ऊबदारपैकी छान' म्हणून बघा, जीभ अडते. आणि 'छानपैकी दुखतंय' असं कुणी म्हटलं तर तोही खोचकच.

पाणवठा
'पैकी' तर मुळात 'त्यांच्यातला' या अर्थाचा, 'दहापैकी दोन'मधला. तो इथे कसा पोचला? यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

मंदाक्रांता
काढते. आठवड्याअखेरीपर्यंत द्या.